विचारा तर खरं : बोटावरच्या थेंबाचा हिशेब

गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की नखाएवढ्या तुकड्यावर आता लॅबमधली कामं होऊ लागली आहेत. या विद्येला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. केसाइतक्या बारीक वाटा कोरायच्या आणि त्यांतून थेंबभर द्रव खेळवायचा. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी थायरॉइड आणि कोलेस्टेरॉलवाल्यांना थांबवून ठेवलंय.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. त्यातली सुरुवातीची काही वर्षं पिपेट तोंडाने ओढण्यात गेली. (हो, रक्तसुद्धा. तेव्हा तसंच शिकवायचे.) गोळी कोणती घ्यायची ते मला विचारू नका, रिपोर्टवरचा आकडा कुठून आला ते विचारा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. बोटाला टोचून एक थेंब घेतला, प्लास्टिकच्या चपट्या चकतीत घातला आणि पंधरा मिनिटांत डझनभर तपासण्यांचा कागद हातात दिला. शिबिरवाला म्हणाला, "शिरेतून रक्त काढायचे दिवस संपले. टायफॉइडपासून कॅन्सरपर्यंत सगळं एका थेंबात कळतं." ताई, खरं मानायचं का? — एक गृहस्थ, डोंबिवली

चकती खोटी नाही, हे आधी सांगते. ती यंत्रात गरगर फिरते, लाल पेशी कडेला जाऊन बसतात आणि उरलेला पिवळसर प्लाझ्मा अरुंद वाटांनी छोट्या छोट्या कप्प्यांत शिरतो. प्रत्येक कप्प्यात वेगळं रसायन वाळवून ठेवलेलं असतं. कुठे साखरेचं, कुठे क्रिएटिनिनचं, कुठे यकृताच्या एन्झाइमचं. रंग बदलतो आणि प्रकाश किती अडला ते यंत्र मोजतं. आमच्या लॅबमध्ये हेच काम टेबलभर नळ्या मांडून व्हायचं. मात्र अशा चकतीला साधारण शंभर मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) रक्त लागतं, आणि बोटावरचा थेंब असतो वीस-तीस मायक्रोलिटरचा. म्हणजे तुमचे चार-पाच थेंब तरी घेतले असणार. आठवून बघा, बोट दाबलं होतं ना?

'सगळं एका थेंबात' ही मात्र थाप. ती ओळखायला यंत्र उघडून बघायला नको, पाढे पुरतात.

रक्तातली साखर शंभर असेल, तर एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्याही विसाव्या हिश्शात, साखरेचे इतके रेणू असतात की तेहतीस कोटी देवांना प्रत्येकी एक कोटी वाटता येतील. तेवढ्याच रक्तात लाल पेशी सुमारे पन्नास लाख. इथे थेंब काय, थेंबाचा कण पुरतो.

आता टायफॉइड घ्या. त्याचे जिवाणू रक्तात असतात, पण फार विरळ. कित्येक रुग्णांत एका मिलिलिटरला एखादाच. वीस मायक्रोलिटरचा थेंब म्हणजे मिलिलिटरचा पन्नासावा भाग. पन्नास थेंब घेतलेत तर एकात तो सापडेल, एकोणपन्नास कोरे. जो थेंबात आलाच नाही, त्याला यंत्र कुठून हुडकणार? म्हणून तर ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीच्या, एका बाटलीला मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त काढतात, आणि नातेवाईक 'किती रक्त काढता हो' म्हणून आमच्यावर डोळे वटारतात. थेंबावर टायफॉइड सांगणाऱ्या पट्ट्या बाजारात आहेत, पण त्या सहसा जिवाणू शोधत नाहीत. त्या जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधतात, आणि ती मागच्या कुठल्या तरी आजारपणाचीही असू शकतात.

कॅन्सरचंही तेच. रक्तात भटकणाऱ्या कॅन्सरच्या पेशी पकडणारी एक चिप बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेहमेत टोनर यांच्या गटाने केली. २००७ साली तिच्यावरचा शोधनिबंध आला. तिच्यावर ७८,००० सूक्ष्म खांब आहेत आणि प्रत्येक खांबाला प्रतिपिंडाचा लेप. रक्त त्या खांबांच्या रानातून संथपणे वाट काढतं आणि नको ती पेशी खांबाला चिकटते. त्या खांबांचा फोटो पाहिला तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. पण चिप एवढीशी असली तरी तिच्यातून जाणारं रक्त शिरेतलं आणि मिलिलिटरनेच मोजलेलं. यंत्र लहान झालं म्हणून नमुनाही लहान चालतो, असं समजू नका. शिबिरवाल्याने नेमका तोच घोळ घातलाय.

बोट दाबण्याबद्दल मुद्दाम विचारलं, कारण त्यात मी स्वतः पोळलेय. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका तान्ह्या बाळाच्या टाचेतून रक्त काढायचं होतं. येईना, म्हणून मी टाच पिळली. फ्लेम फोटोमीटरवर पोटॅशियम आलं ७.४. त्या आकड्याला हृदय कधीही दगा देऊ शकतं. वॉर्डात एकच धावपळ. बाळ मात्र आईच्या कुशीत चुटूचुटू दूध पीत होतं. आमच्या वरिष्ठ बाईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, गुलाबी होतं. पिळल्यामुळे लाल पेशी फुटल्या होत्या, आणि त्यांच्या पोटात पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. शिरेतून पुन्हा घेतलं, ४.८ आलं. नळीत गुलाबी रंग डोळ्यांना दिसतो तरी. चकतीच्या आत डोकावणार कोण? चांगली यंत्रं ते स्वतः ओळखून आकडा अडवून धरतात, तुमच्या शिबिरातलं तसं करत होतं का, हे मला इथून सांगता येणार नाही.

अमेरिकेत याच स्वप्नावर एक मोठी कंपनी उभी राहिली होती. थेरानोस, २००३ साली कॅलिफोर्नियात एलिझाबेथ होम्सने काढलेली. बोटावरच्या चार थेंबांत शेकडो तपासण्या, असा दावा. कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलरपर्यंत चढली. २०१५ च्या ऑक्टोबरात वॉल स्ट्रीट जर्नलच्या जॉन कॅरीरू यांनी बिंग फोडलं. बऱ्याच तपासण्या ती कंपनी इतरांच्या नेहमीच्याच यंत्रांवर उरकत होती, आणि नमुना कमी पडू नये म्हणून तो पातळ करून घालत होती. पातळ केला की चूकही तितक्याच पटीने वाढते, हे आमच्याकडच्या शिकाऊ मुलीलाही ठाऊक असायचं. गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल २०२२ मध्ये होम्सला अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

तुमचा कागद फाडू नका. साखर, क्रिएटिनिन वगैरे अंदाजाला ठीक आहेत. त्यातला जो आकडा वावगा दिसतोय, तेवढा शिरेतल्या रक्तावर पुन्हा करून घ्या.

प्रश्न : घरच्या ग्लुकोमीटरवर माझी साखर १६८ आली, त्याच वेळी लॅबमध्ये दिलेल्या रक्तात १५१. यंत्र परत करावं का? — एक निवृत्त पोस्टमास्तर, चिपळूण

करू नका. शंभर आणि त्यावरच्या साखरेला शंभरातली पंचाण्णव वाचनं पंधरा टक्क्यांच्या आत यावीत, असा ग्लुकोमीटरचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तुमचा फरक अकरा टक्के. शिवाय लॅबच्या नळीतही साखर स्वस्थ बसत नाही, रक्तपेशी ती खात राहतात. राखाडी बुचाच्या फ्लोराइडच्या नळीत रक्त घेतलं नसेल आणि ते तासभर पडून राहिलं असेल, तर लॅबचाच आकडा थोडा खाली आलेला असू शकतो. जेवणानंतर मोजली असेल, तर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते.

ग्लुकोमीटरची पट्टी म्हणजे तुमच्या घरातलं मायक्रोफ्लुइडिक्सच. टोकाला एक बारीक फट आहे, तिच्या भिंती पाणी ओढणाऱ्या. थेंब टेकवला की रक्त आपोआप आत जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच न्यायाने. पंप नाही, काही नाही. जेमतेम अर्धा मायक्रोलिटर पुरतो. आत एन्झाइम साखरेशी भिडतं, इलेक्ट्रॉन सुटतात, यंत्र तो करंट मोजतं. एन्झाइमचा असा इलेक्ट्रोड लेलंड क्लार्क यांनी सिनसिनाटीत १९६२ साली सुचवला होता. १९७० च्या सुमाराला आलेलं पहिलं मीटर किलोभर वजनाचं होतं, आणि पट्टीवरचं रक्त मिनिटभराने पाण्याखाली धुवावं लागायचं.

म्हणून थेंब पट्टीवर वरून टाकू नका, कडेला टेकवा आणि पट्टीला तो पिऊ द्या. डबीचं झाकण लगेच लावा, तुमच्या कोकणातली पावसाळी हवा पट्टीतलं एन्झाइम खराब करते. आणि हापूस कापल्यावर हात धुतल्याशिवाय साखर मोजायची नाही. हसू नका, बोटावरच्या फळाच्या रसाने आकडा दुपटीवर गेलेला मी पाहिलाय.

प्रश्न : मी अकरावीत आहे. चिपमधले दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात पण मिसळत नाहीत, असं वाचलं. हे कसं? आणि विज्ञान प्रदर्शनासाठी यावर काही करता येईल का? — एक विद्यार्थिनी, कऱ्हाड

तू कऱ्हाडची, म्हणजे प्रीतिसंगम पाहिलेला. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, पाणी वळसे घेतं, भोवरे होतात आणि बघता बघता दोन्ही पाणी एक. ते भोवरे करतात कोण? पाण्याचा स्वतःचा जोर. त्याला आवरतो पाण्याचा चिकटपणा. नदीत जोर जिंकतो. शंभर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, वाटेत मात्र चिकटपणा जिंकतो आणि पाणी काकवीसारखं शिस्तीत सरकतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा फरक दाखवला, १८८३ मध्ये. त्या जोर-चिकटपणाच्या गुणोत्तराला आज त्यांचंच नाव आहे. नळीत ते दोन हजारांच्या वर गेलं की गोंधळ सुरू होतो. चिपमध्ये ते बहुधा शंभराच्याही खाली, कित्येकदा एकाच्या खाली.

मग मिसळायचं कसं? रेणू आपले आपण भटकतात तेवढंच. आणि इथे खरी गंमत आहे. साखरेच्या रेणूला शंभर मायक्रॉन ओलांडायला साधारण दहा सेकंद लागतात, तर एक सेंटीमीटर जायला दिवसाहून जास्त. अंतर शंभरपट, वेळ दहा हजारपट! म्हणून चहात साखर ढवळावी लागते आणि चिपमध्ये न ढवळताही काम होतं, वाट पुरेशी अरुंद असेल तर. त्याहून घाई असेल तर वाट घाटासारखी वळणावळणाची करतात किंवा तळाला तिरक्या खाचा पाडतात, म्हणजे द्रवाच्या घड्या पडतात.

या चिप करायची प्रयोगशाळेतली रीत मोदकाच्या साच्यासारखी आहे. सिलिकॉनच्या चकतीवर वाटांचे उंचवटे असलेला साचा करायचा, त्यावर पीडीएमएस नावाचा रबरासारखा पारदर्शक पदार्थ दहाला एक प्रमाणात घट्ट करणारं द्रव्य मिसळून ओतायचा, ओव्हनमध्ये आळू द्यायचा आणि सोलून काचेवर बसवायचा. ही रीत हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९० च्या दशकात रुळवली.

तुझ्या प्रदर्शनाला हे नको, कागद पुरे. त्याच गटाने २००७ मध्ये साध्या कागदावर वाटा आखून लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासून दाखवली होती. शाळेतला गाळणकागद घे. मेणाच्या खडूने त्यावर एका खोडाचं आणि दोन फांद्यांचं झाड आख, बाह्यरेषा दोन्ही बाजूंनी जाडजूड गिरव. वर साधा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरव, मेण कागदात मुरेल आणि भिंती तयार होतील. एका फांदीच्या टोकाला स्पिरिटमध्ये कालवलेल्या हळदीचा ठिपका दे, दुसरीला जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस. वाळू दे. मग खोड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडव. पाणी चढत जाईल, हळद लाल होईल, जास्वंद हिरवट. एक नमुना, दोन तपासण्या, पंप नाही, वीज नाही. परीक्षकांनी विचारलं तर सांग की गर्भचाचणीची पट्टी अशीच चालते, फक्त तिथली लाल रेघ सोन्याच्या सूक्ष्म कणांची असते. सोनं इतकं बारीक केलं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं.

हौस उरली तर दोऱ्यात ओवलेलं बटण दोन्ही हातांनी ताणून गरगर फिरवायचा खेळ आजीला विचार. मूळचे मेरठचे आणि आता स्टॅनफर्डमध्ये असलेले मनू प्रकाश यांनी २०१७ मध्ये त्याच खेळावरून कागदाचं सेंट्रिफ्यूज केलं. मिनिटाला सव्वा लाख फेरे, वजन दोन ग्रॅम, दीड मिनिटात रक्तातून प्लाझ्मा वेगळा. मी ज्या सेंट्रिफ्यूजवर नोकरी काढली ते दोघांनी उचलावं लागायचं.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी झाली. द्रावणात थेंब टाकून काही मुलं पॉझिटिव्ह निघाली. आता म्हणतात दुसरी तपासणी करायची. मधल्या वेळात पोरं एकमेकांना चिडवतायत, एका मुलीला घरी न्यायला पालक आले. एकाच तपासणीत का भागत नाही? — एक शिक्षिका, धडगाव

बाई, आधी त्या मुलीच्या पालकांना थांबवा. पहिल्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे आजार, असं अजिबात नाही.

सिकलसेल म्हणजे आई-बापांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष. त्या द्रावणात लाल पेशी फुटतात, आणि सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण आई-बाप दोघांकडून दोष आलेलं मूल आणि एकाकडूनच आलेलं मूल, दोघांचंही द्रावण गढूळच होणार. पहिल्याला आजार आहे. दुसरं फक्त वाहक आहे, ते एरवी ठणठणीत असतं, खेळतं, पळतं. यांना वेगळं काढायलाच दुसरी तपासणी. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ही द्रावणाची तपासणी चालतच नाही, त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं.)

दुसऱ्या तपासणीची एक रीत म्हणजे विजेची शर्यत. सिकलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने रेणूवरचा ऋण भार कमी होतो. अल्कधर्मी बफरमध्ये भिजवलेल्या पट्टीला वीज दिली की नेहमीचं हिमोग्लोबिन पुढे पळतं, सिकलचं मागे राहतं. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये असंच दाखवून हा आजार रेणूचा आहे हे सिद्ध केलं. वाहकाच्या पट्टीवर दोन पट्टे दिसतात, आजारी मुलाच्या पट्टीवर नेहमीचा पट्टा नसतोच. आम्ही हे सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पट्ट्यांवर करायचो, आणि हात थरथरला की रक्ताची रेघ वाकडी. आता तीच पट्टी तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेली मिळते, दहाएक मिनिटांत बॅटरीवर निकाल. इथे थेंब पुरतो, कारण हिमोग्लोबिनची रक्तात कमतरता नाही.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं तिचं लक्ष्य आहे. तुमचा नंदुरबार, तिकडे गडचिरोली, हे या आजाराचे जुने पट्टे. म्हणजे तपासण्या होतच राहणार, आणि मुलांना एकदा फळ्यावर समजावून सांगणं तुमच्याकडेच येणार. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. एक जण वाहक आणि दुसऱ्यात दोषच नसेल तर आजारी मूल नाही. आणि हे मुलीइतकंच मुलालाही लागू आहे, तेवढं ठासून सांगा, कारण घरी न्यायला पालक आले ते मुलीलाच, मुलाला नाही.

प्रश्न : वडिलांचा बेडका सकाळी दिला आणि दुपारी टीबी असल्याचं सांगितलं. पूर्वी दोन-दोन महिने लागायचे. इतक्या घाईत केलेल्या तपासणीवर विश्वास ठेवावा का? — सावंतवाडीहून एक वाचक

ठेवा, आणि औषध सुरू करा. दोन महिने लागायचे ते कल्चरला, कारण टीबीचा जिवाणू फार सावकाश वाढतो. मी स्वतः आयुष्य काढलं ते लाल रंगात शिजवलेल्या काचपट्ट्यांवर. एका पट्टीची शंभर क्षेत्रं बघायची, मान आखडेपर्यंत. आणि मिलिलिटरमध्ये दहा हजारांच्या आसपास जिवाणू असल्याशिवाय ते आम्हाला दिसायचेच नाहीत.

आता जिवाणूचा डीएनए शोधतात. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र त्याच कामाचं, बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये विकसित झालेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला टीबीच्या पहिल्या तपासणीसाठी मान्यता दिली. बेडका आधी पातळ करून त्यातला डीएनए एका यंत्रात वेगळा करतात, मग त्याचे काही मायक्रोलिटर छोट्या चिपवर. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या रीतीत, नमुना पुन्हा पुन्हा तापवायचा आणि गार करायचा असतो. पातेलंभर दूध तापायला वेळ लागतो, चमचाभर चटकन तापतं. चिपची घाई तेवढ्यामुळेच. बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी काम अडत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, याची चिप वेगळी असते, ती लावली का ते विचारा. आणि उपचार संपत आल्यावर 'बरे झाले का' हे बघायला हीच तपासणी करून घेऊ नका. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही तिला सापडतो आणि वडील उगाच घाबरतील.

प्रश्न : बाळ, टोचायचं कुठल्या बोटाला? रोज एकाच बोटाला टोचून ते दगड झालंय. — एक आजी, मिरज

मधलं नाहीतर अनामिका, दोन्ही हातांची आलटून पालटून. शेंड्यावर मधोमध नाही, जरा कडेला. आधी हात कोमट पाण्याने धुवा, पुसून कोरडा करा, खाली लोंबता सोडा. आणि आजी, बोट पिळायचं नाही.